रविवारचं वजन

लेकीने तिचा निबंध सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचा, हा हट्ट काटेवाल्याच्या थोरल्या भावाचा. पस्तीस वर्षं कोर्टात कारकुनी केलेला माणूस तो. कुणी खणखणीत आवाजात वाचून दाखवल्याशिवाय कागदात काय लिहिलंय ते त्याला पटतच नसे. म्हणून रविवारी दुपारी तीनला सगळे दुकानात जमले.

पुढे दुकान, मागे दोन खोल्या. दुकानात नुसते वजनकाटे. भाजीवाल्यांचे, भंगारवाल्यांचे, औषधांच्या दुकानातले छोटे नाजूक, सगळे पोट उघडं टाकून दुरुस्तीला आलेले. मधल्या टेबलावरचे स्क्रू आणि स्प्रिंगा एका डब्यात लोटून लेकीने लॅपटॉप ठेवायला जागा केली होती. कोपऱ्यात मोठा लोखंडी काटा होता, माणूस उभा राहून वजन करतो तो. त्याच्यावर चादर होती. सात महिन्यांत ती चादर कुणी काढली नव्हती. भिंतीवर काटेवाल्याच्या बापाच्या हातची जुनी पाटी होती: आधी शून्य, मग वजन. काटा रिकामा असताना शून्यावर आहे का ते बघा, मगच त्यावर काही ठेवा, एवढाच तिचा अर्थ. पण या घरात ती शपथेसारखी होती.

काटेवाला दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. गल्लीत सगळे त्याला काटेवालाच म्हणत. बायको होती तोवर तीही चिडली की म्हणायची, "अहो काटेवाले, जरा माणसांकडेही बघा."

"पाचला बंद होतं ना ते?" मावशीने विचारलं. मावशी म्हणजे बायकोची धाकटी बहीण. शिवणकाम करायची. आल्यापासून हातातलं अस्तर टाचत बसली होती.

"पाच म्हणजे पाच," लेक म्हणाली. "विद्यापीठाला शिफारसपत्रं गेली, गुणपत्रिका गेल्या. हा निबंध आणि त्याला जोडलेला अभ्यास तेवढा राहिलाय."

"आणि एवढं शिकून होणार काय तू? डॉक्टर की मास्तर?" थोरल्याने विचारलं.

"दोन्ही नाही, काका. एखाद्या औषधाने माणूस खरंच बरा झाला, की नुसता झाल्यासारखा वाटला, ते आकड्यांवरून ठरवायचं. बायोस्टॅटिस्टिक्स म्हणतात त्याला."

"म्हणजे डॉक्टरांच्या डोक्यावर बसलेला कारकून!" थोरला खूश झाला. "मग बरोबर माणसाच्या पुतणीने निवडलंय. वाच."

गेल्या वर्षी हाच अर्ज अर्धा भरून राहिला होता. तेव्हा ती लॅबमधून सुटली की थेट आईपाशी येऊन बसायची, आणि शेवटची तारीख कधी आली नि कधी गेली हे घरात कुणाला कळलंही नाही. यंदा लॅबच्या साहेबांनी सांगून टाकलं होतं, गेलीस तर आनंद, नाही गेलीस तर तीन वर्षांच्या करारावर सही कर. तिची ती सही अजून व्हायची होती. काटेवाल्याला हे सगळं माहीत होतं. निबंध कशावर आहे ते मात्र माहीत नव्हतं. विचारलं तेव्हा ती म्हणाली होती, "आकड्यांचा आहे बाबा, तुम्हाला कंटाळा येईल." वजनकाट्यात आयुष्य गेलेल्या माणसाला ती असं म्हणाली, तेव्हाच त्याने ओळखायला हवं होतं.

ती वाचू लागली.

"माझे वडील वजनकाटे दुरुस्त करतात. आईच्या आजारपणात ते दर रविवारी घरच्या काट्यावर तिचं वजन करत आणि आई ते वहीत लिहून ठेवी. ती गेल्यावर मी दवाखान्याची फाइल मागून घेतली. सुरुवातीला दोन्हीकडे अठ्ठावन्न किलो आहे. नंतर दवाखान्याचे आकडे असे आहेत: छप्पन, साडेत्रेपन्न, एक्कावन्न, साडेअठ्ठेचाळीस. त्याच आठवड्यांतले घरचे आकडे असे: अठ्ठावन्न, साडेसत्तावन्न, साडेसत्तावन्न, सत्तावन्न. तिच्या औषधाचा डोस वजनावर ठरत होता. दवाखान्याचा काटा कमी दाखवत गेला आणि माझ्या आईला औषध कमी मिळत गेलं..."

"बंद कर ते," काटेवाला म्हणाला.

तिने वर पाहिलं. "अजून निम्मंही नाही झालं."

"बंद कर म्हटलं ना! आईला विकायला काढलीस? कुठल्या तरी परक्या लोकांपुढे तिची किलोकिलोने मांडणी करतेस? लाज नाही वाटत?"

"लाज मला का वाटावी? ज्यांनी चुकीचं वजन केलं त्यांना वाटू दे!"

"अगदी बरोबर," थोरला म्हणाला आणि त्याने पिशवीतून चार पानी कागद काढून टेबलावर आपटला. "ही तक्रार. मी स्वतः लिहिलीय. उद्या सकाळी दवाखान्याच्या दारात. पोरीचा अभ्यास पुरावा म्हणून जोडायचा. तुझी फक्त सही, धाकट्या."

"मी सही करणार नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"बायको कुणाची गेली, तुझी की माझी? सात महिने हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसलाय. पोर एकटी फायली आणते, एकटी आकडे लावते, आणि हा उलट तिच्यावरच गुरगुरतो! अरे, तुला राग कसा येत नाही?"

राग येत नाही! काटेवाल्याने दोन्ही हात मांड्यांखाली दाबले. सात महिने रागाशिवाय त्याच्या घशाखाली काही उतरलं नव्हतं. फक्त तो राग कुठे पोचवायचा ते त्याला माहीत होतं, आणि तो पत्ता या चौघांनाही सांगण्यासारखा नव्हता.

चौघं कुठली, तिघं. तो अजूनही चार मोजायचा.

"मला एक कळत नाही," मावशी अस्तरातून सुई न काढता म्हणाली. "घरचं वजन सत्तावन्नच राहिलं म्हणतेस?"

"वहीत आहे ना. आईचंच अक्षर."

"मग मी तिचे कपडे तीनदा आत कशाला घेतले?"

"अहो बाई, आजारात कपडे सैल होतातच," थोरला म्हणाला.

"कशाने होतात? हवेने? दादासाहेब, तुम्ही कोर्टातलं बघा, टेपचं मला कळतं. पहिल्यांदा दीड इंच घेतले. मग दोन. शेवटी इतके, की शिवण काखेत जायला लागली. ताई म्हणाली, घरात बोलू नकोस. मी नाही बोलले. पण सत्तावन्न किलोची बाई तेवढ्या कपड्यात मावत नाही."

काटेवाल्याला वाटलं होतं, मावशी आपल्या बाजूची आहे. आहेच ती. पण तिने त्याच्या बाजूने म्हणून जो खिळा ठोकला तो नेमका त्याच्याच पायातून आरपार गेला.

लेक गप्प झाली. ती गप्प झाली की वाईट. लहानपणापासून तिला एखादं गणित सुटलं नाही तर ती रडायची नाही, अशीच गप्प व्हायची, आणि उत्तर येईपर्यंत जेवायची नाही.

"तारखा आठवतात, मावशी?"

"माझ्या ऑर्डरच्या वहीत असतील."

"तीन मापं. दवाखान्याशी जुळतायत," ती स्वतःशीच म्हणाली. "म्हणजे टेप एक सांगते, दवाखाना तेच सांगतो, आणि एकटा आपला काटा..." ती थांबली. मग ठामपणे म्हणाली, "नाही. आपला काटा चुकत नाही."

तिने हे असं सहज म्हटलं. त्याच्या बापाचं वाक्य. बापाने त्याला शिकवलं, त्याने तिला. दोन पुरावे समोर असताना ती तिसऱ्यालाच खरं मानत होती, कारण तिसऱ्याच्या मागे तिचा बाप उभा होता.

घड्याळात साडेतीन वाजून गेले होते. पाचला हे कुठल्या तरी मोठ्या शाळेतल्या शहाण्या माणसांपुढे जाणार होतं, खाली तिचं नाव लिहून. त्यांच्यातला एखादा तरी विचारणार: बाई, घरचा काटा तपासला होता का? आयुष्यभर आकड्यांवर जगायला निघालेली पोर, आणि तिचा पहिलाच आकडा खोटा.

काटेवाला उठला. कोपऱ्यात गेला. चादर ओढून काढली.

"आपला काटा चुकत नाही," तो म्हणाला. "मी चुकवला."

तो काट्याकडे तोंड करूनच बोलत राहिला. कामाचं बोलावं तसं.

"हा दांडीच्या मागचा पितळी नट. हा फिरवला की शून्य सरकतं. एक फेरा म्हणजे एक किलो. शून्य सरकलं की रिकामी दांडी वाकडी होते, म्हणून हा खटका लावून ठेवायचा. ती वर उभी राहिली की खटका काढायचा, ती उतरायच्या आधी लावायचा. मग दिसत नाही. ती मागे खोलीत गेली की नट होता तिथे आणायचा."

"का?" लेकीचा आवाज अगदी बारीक होता.

"दुसऱ्या महिन्यात तिथे छप्पन भरली ती. मलाही वाटलं, त्यांचा काटा बिघडलाय. म्हणून रविवारच्या आधी, रिपोर्ट आणायच्या निमित्ताने मी आपलं वीस किलोचं चाचणीचं वजन पिशवीत घालून घेऊन गेलो. नर्स बाहेर गेल्यावर ठेवलं त्यांच्या काट्यावर. म्हटलं, एक किलो तरी चूक दाखव. अर्धा तरी." त्याने नटावरची धूळ अंगठ्याने पुसली. "वीस म्हणजे वीस दाखवलं त्याने. उत्तम काटा होता. घरी आलो. ती म्हणाली, तिथलं काही खरं नाही, आपल्यावर करा. तिचा चेहरा बघून मी नट फिरवला."

"हरामखोर!" थोरला उठून उभा राहिला. "दहा वर्षांचा होतो मी. गंमत म्हणून एका पारड्याखाली वायसर चिकटवला. एक वायसर! तर आपल्या बापाने, अण्णांनी, सगळ्या गल्लीसमोर थोबाडीत दिली, आणि पुन्हा मला या दुकानात हातोडी धरू दिली नाही. का, तर याच्या हाताला धर्म नाही. धर्म कुणाच्या हाताला, तर तुझ्या! तुला दुकान, तुला शिक्का, तुला ती पाटी. आणि मी जन्मभर कारकून!"

"हो," काटेवाला म्हणाला.

"हो काय हो! मी चार पानं लिहिलीत! माणसं जमवलीत! आता चिडायचं कोणावर आम्ही?"

"माझ्यावर चिड. मी आहे ना इथे."

"भाऊजी, तुम्ही तिला फसवलंत," मावशी म्हणाली. सुई आता थांबली होती. "मी रात्रंदिवस विचार करायचे, ताई मला कपडे सैल झालेत म्हणते आणि घरी वजन तेवढंच म्हणते, खरं काय? माझ्याच डोक्यात काहीतरी बिघाड झालाय असं वाटायला लागलं होतं मला. एक शब्द सांगितला असतात!"

"तुला ती बोलू नको म्हणाली, तू नाही बोललीस. तसंच."

"तसंच नाही ते! मी गप्प होते, खोटं बोलत नव्हते."

लेकीने लॅपटॉप धाडकन मिटला. इतका जोरात, की डब्यातल्या स्प्रिंगा उडाल्या.

"म्हणजे बाबांना माहीत होतं. मावशीला माहीत होतं. डॉक्टरांना तर होतंच. आणि घरात मी एकटी. मी, जिला सगळे म्हणतात आकड्यांची हुशार! मी लॅबमधून यायचे, वही उघडायचे आणि सत्तावन्न बघून निवांत झोपायचे. बाबा, मी शेवटच्या महिन्यात रजा घेणार होते. नाही घेतली. का नाही घेतली? सत्तावन्न होतं म्हणून! तुम्ही तिला फसवलं नाहीत, मला फसवलंत. तुमच्या एका नटापायी माझा महिना गेला तिच्याबरोबरचा!"

हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. सात महिने त्याने स्वतःला नाही नाही ते बोलून घेतलं होतं, पण हे त्यात नव्हतं. माफ कर म्हणायला हे काय पायावर पाय पडलेलं होतं?

"अर्ज पाठवू नकोस मग," थोरला जरा नरमून म्हणाला. "राहू दे यंदा."

"का राहू दे? या आकड्यांनी माझा आईबरोबरचा महिना खाल्ला, आता माझं वर्षही खायचं?" ती गर्रकन बापाकडे वळली. "किती फेरे? कुठल्या रविवारी किती? की तेही अंदाजाने?"

काटेवाल्याने फळीवरच्या पत्र्याच्या डब्यातून खिशात मावेल एवढी काळी डायरी काढली. बापाची शिस्त होती ती: कुठल्याही काट्याला हात लावला की तारीख आणि काय केलं ते लिहायचं, गिऱ्हाइकाचा असो वा घरचा. भाजीवाले, भंगारवाले यांच्या ओळींमध्ये दर रविवारी एक ओळ होती. 'घरचा काटा', आणि पुढे फेरे.

"चोरीची नोंद ठेवलीस?" थोरला बघतच राहिला.

"काट्याची ठेवली."

तिने लॅपटॉप उघडला. चार वाजायला दहा मिनिटं होती. "बसा," ती म्हणाली. त्याच्याकडे न बघता. "वाचा. नुसते आकडे. मधे बोलायचं नाही."

तो वाचत गेला. दोन फेरे. अडीच. सव्वातीन. चार. ती आईच्या वहीतला आकडा घेई, त्यातून फेरे वजा करी, नवीन आकडा दाबून लिही. थोरला तिच्या मागे उभा राहून नाकावरचा चष्मा सावरत दवाखान्याच्या फाइलशी ताडून बघत होता. जुनी सवय, कागद दिसला की राग बाजूला ठेवून तो तपासायचाच. "छप्पन. जुळलं," तो म्हणे. "साडेत्रेपन्न. जुळलं." साडेसहा फेऱ्यांना एक्कावन्न, साडेआठ फेऱ्यांना साडेअठ्ठेचाळीस. दर वेळी तो "जुळलं" म्हणाला की काटेवाल्याला वाटे, आणखी एक शिक्का बसला.

"शेवटचा रविवार," लेक म्हणाली. "वहीत सत्तावन्न. किती फेरे?"

डायरीत त्या तारखेला ओळ नव्हती.

"बाबा. किती?"

"एकही नाही."

"म्हणजे?"

"विसरलो." तो म्हणाला. "तिला उचलून आणावं लागलं होतं त्या दिवशी. वर उभी केली, एका हाताने धरून ठेवली, दुसऱ्याने खटका काढला, आणि मग लक्षात आलं की नट फिरवलाच नाही. अठ्ठेचाळीसवर दांडी सरळ झाली. तिने बघितलं. मला म्हणाली, झालं? मी म्हटलं, झालं. तिला खाली घेतली. बाराव्या दिवशी ती गेली." तो डायरीच्या कोऱ्या जागेकडे बघत होता. "माझं खोटं तिला कळलं आणि ती तशीच गेली. मला काहीतरी बोलायला हवं होतं तिने. बोलली नाही. मी परत ती वही उघडली नाही."

"पण वहीत सत्तावन्न आहे," लेक म्हणाली.

"नसणार. अठ्ठेचाळीस असेल."

"सत्तावन्न आहे, बाबा."

तिने वही त्याच्या पुढ्यात सरकवली नाही, जवळजवळ फेकलीच. मावशीने हातातलं अस्तर तोंडाला लावलं. थोरल्याने चष्मा काढला आणि उगाचच पुसत बसला.

काटेवाल्याने वही उचलली नाही.

"ही नोंद मी काढणार नाही," लेक शेवटी म्हणाली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र चिडलेलाच होता. "बाकीचे सगळे आकडे दुरुस्त करता येतात. हा येत नाही. हा काट्यावरचा नाहीच. हा तिने स्वतः ठरवून लिहिलाय. वेगळा मांडते आणि का वेगळा ते लिहिते. पहिलं पान सगळं बदलावं लागेल. काका, तुमचे कागद उचला, जागा हवीय. मावशी, तुझ्या तीन तारखा फोन करून घरून मागव. बाबा, तुम्ही मागे जा. मला तुमचं तोंड बघायचं नाहीये आत्ता."

"बरं."

"मी हे तुमच्या नावासकट लिहिणार आहे. वडिलांनी काटा चुकवला असं."

"लिही," तो म्हणाला. "वीस किलोचं वजन ठेवून बघितलं होतं, तेही लिही. नाहीतर ते विचारतील."

तिने मान हलवली, बोटं चालूच होती. थोरल्याने चार पानी तक्रारीची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली आणि पिशवीत कोंबली. मावशी फोनवर कुणाला तरी ओरडून सांगत होती, कपाटावर, शिलाईच्या डब्याखाली, निळी वही, आंधळी आहेस का.

काटेवाला मागच्या खोलीत आला. जाताना त्याने टेबलावरची वही घेतली होती, ते त्याच्या इथे आल्यावर लक्षात आलं. पलंगाच्या कडेला बसून त्याने शेवटचं पान उघडलं. बाहेर टकटक चालू होती, मधेच थांबत होती, पुन्हा सुरू होत होती. चार वाजून बावन्न मिनिटांनी ती पूर्ण थांबली, आणि लेक स्वतःशीच म्हणाली, "गेला."

त्याने पानावर बोट ठेवलं. त्या महिन्यात तिला कप धरता येत नव्हता, पेन कसं धरलं असेल कोण जाणे. ५७. सात जरा खाली घसरला होता. पण खाडाखोड नव्हती.